पगार नको, वाटा द्या

मराठ्यांच्या इतिहासावर लिहायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न साताऱ्यात विचारू नये. इथे प्रत्येक चहाच्या टपरीवर दोन इतिहासकार बसलेले असतात आणि तिसरा चहा गाळत असतो. मी तर रीतसर बी. कॉम. आहे. इतिहासकार तलवार कुणी चालवली ते बघतात. आमच्यासारखा बँकेतला कारकून त्या तलवारीचं बिल कुणाच्या खात्यावर पडलं ते बघतो. लढाई कोण जिंकलं हे बखरीत सापडतं. शेवटी हातात काय राहिलं, हे पाहायला मात्र खतावणीच उघडावी लागते.

ही खतावणी उघडायचं निमित्त म्हणजे आमच्या सौ.चा भाचा. तो पुण्याला हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीत असतो. पगार किती म्हणून विचारलं, तर "थोडा कॅश, बाकी स्टॉक" असं उत्तर आलं. आमच्या सासूबाई सांगलीच्या हळदपेठेजवळ वाढलेल्या. स्टॉक म्हणजे गोदामातला माल, एवढंच त्यांना ठाऊक. त्या हळहळल्या. "अरेरे! पगाराऐवजी माल देतात होय रे? मग साबणाच्या कंपनीत तरी लागायचंस. घरात उपयोग झाला असता."

या प्रकाराला 'ईसॉप' म्हणतात, असं त्याने सांगितलं. मला आधी इसापनीतीच आठवली, आणि पुढचं ऐकल्यावर ती आठवण अगदीच अस्थानी नव्हती असं वाटलं. कोल्ह्याला द्राक्षं दाखवायची आणि सांगायचं, चार वर्षं या वेलाखाली उड्या मारत राहा, दर वर्षी एक घड खाली येईल. मध्येच दुसऱ्या मळ्यात गेलास तर उरलेले घड मालकाचे. शिवाय घड हातात येईल तेव्हा त्याचा बाजारभाव काय असेल, हे वेलालाही माहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. शंभर शेअरची कंपनी आहे आणि त्यातला एक माझा आहे. कंपनीने कर्मचाऱ्यांना नवे दहा शेअर काढून दिले. माझा एक एकच राहिला, पण तो आता एकशेदहातला एक. सातबाऱ्यावर दहा नावं नव्याने चढली, मला कुणी विचारलंही नाही, आणि जमीन तर एक गुंठाही वाढलेली नाही. भागधारक म्हणतात, पैसा आम्ही घातला. कर्मचारी म्हणतात, आम्ही रात्रीचे दिवस केले म्हणून तुमच्या कागदाला भाव आला. दोघंही खरं बोलतात, आणि भांडण मिटत नाही ते म्हणूनच.

भाच्याची समजूत अशी की हा वाद कॅलिफोर्नियात सुरू झाला. मी म्हटलं, बाळ, हा वाद अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होऊन गेला. तुझी मावशी सांगलीची आणि मी साताऱ्याचा. म्हणजे एका अर्थी आमचं लग्न हाच त्या वादाचा निकाल आहे. (यावर स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.)

सुरुवात शिवाजी महाराजांपासून करायला हवी. सभासदाच्या बखरीत महाराजांची पगाराची पद्धत नीट दिली आहे. फौजेला गावं तोडून द्यायची नाहीत. पगार रोख, नाहीतर खजिन्यावर वरात. म्हणजे आमच्या भाषेत चेक. जुनी वतनं महाराजांनी सरसकट बुडवली नाहीत, पण चाकरीच्या मोबदल्यात नवा मुलूख तोडून द्यायला ते नाखूष असत. गावं दिली की माणूस गावाचा होतो, राज्याचा राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. थोडक्यात कंपनी पूर्ण मालकीची, नोकर पगारी, आणि वाटेकरी कुणी नाही. अशी शिस्त ठेवायला एकच गोष्ट लागते. खजिन्यात रोकड असावी लागते.

१६८९ साली ती नव्हती. संभाजी महाराजांना मारलं गेलं, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला निघून गेले आणि औरंगजेब लाखाच्या फौजेनिशी दक्षिणेत ठाण मांडून बसला. खजिना नाही, राजधानी नाही, मुलूख शत्रूच्या ताब्यात. उलट मोगलांकडे रोख पगार, मनसब आणि वेळेवर हप्ता. अशा वेळी सरदाराने आपल्याकडे का राहावं? मग जिंजीहून सनदा सुटू लागल्या. पगार आज देता येत नाही, पण जो मुलूख जिंकाल त्यात तुमचा वाटा!

यातली १६९१ सालची एक सनद मला फार आवडते. हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केलेला आहे, पण टप्प्याटप्प्याने. काही रायगड प्रांत घेतल्यावर, काही विजापूर घेतल्यावर, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि उरलेले दिल्ली घेतल्यावर. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. तो एकदम सरसावून बसला. "काका, हे तर आमच्या ऑफर लेटरमध्ये जसंच्या तसं आहे! ठरलेलं टार्गेट गाठलं की पुढचा हप्ता." मी विचारलं, तुझं शेवटचं टार्गेट काय? म्हणाला, "कंपनी शेअरबाजारात नोंदणं." म्हणजे त्याचीही दिल्लीच.

राजाराम महाराजांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मी नाही देणार. ज्याच्या गल्ल्यात दमडी नाही आणि दारात औरंगजेब उभा आहे, त्याने आणखी काय द्यावं? आणि हे लक्षात घ्या, की ती कागदाची कंपनी टिकली. सत्तावीस वर्षांची झुंज देऊन औरंगजेब १७०७ साली इथेच नगरजवळ मेला. संताजी-धनाजींच्या काळातल्या त्या फौजा रोख पगारावर उभ्या राहिल्याच नसत्या. नव्याने निघालेली कुठलीही भुकी कंपनी वाट्यावरच माणसं जमवते, कारण तिच्याकडे दुसरं काही नसतं.

पण त्याच वेळी एक हिशेबनीस डोळे उघडे ठेवून बसला होता. रामचंद्रपंत अमात्य. सनदा निघत होत्या तेव्हा महाराष्ट्राचा कारभार यांनीच सांभाळला आणि पुढे 'आज्ञापत्र' लिहून वतनदारांबद्दल धोक्याची सूचनाही यांनीच दिली. त्यांचा मुद्दा साधारण असा की वतनदाराला नुसता नोकर समजू नका, तो राज्यातला भाऊबंद आहे, आज ना उद्या वाटणी मागणारच. म्हणून त्याला गोडीत ठेवा, पण मोकळा सोडू नका. मोडीतल्या या इशाऱ्याला तीनशे वर्षं झाली. आजच्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात अशा इशाऱ्याला दोन पानं देतात आणि ती कुणी वाचत नाही. आज्ञापत्राचंही तसंच झालं असावं.

पुढचा अंक साताऱ्याचा. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांना १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शाळेत आपण इथे टाळ्या वाजवून पुढच्या धड्याकडे वळतो. मी मात्र इथे थांबलो, कारण पुढे वाटणीचा तक्ता आहे, आणि तक्ता दिसला की कारकुनाची बोटं शिवशिवतात.

मोगली मुलखाचा वसूल शंभर रुपये धरा. त्यावर सरदेशमुखी दहा रुपये, ती राजाचं वतन म्हणून थेट साताऱ्याला. चौथाई पंचवीस रुपये. त्या पंचविसाचा चौथा हिस्सा, म्हणजे सहा रुपये चार आणे, राजाची बाबती. शेकडा सहा पंत सचिवांचा साहोत्रा, म्हणजे दीड रुपया. शेकडा तीन नाडगौडा, म्हणजे बारा आणे. तो राजा मर्जीने कुणाला द्यायचा त्याला देणार. उरलेला मोकासा, शेकडा सहासष्ट, फौजा बाळगणाऱ्या सरदारांना. म्हणजे सोळा रुपये आठ आणे.

बेरीज मारा. राजाचे सोळा रुपये चार आणे. सरदारांचे सोळा रुपये आठ आणे. अवघा चार आण्यांचा फरक! पण मालक चार आण्यांनी मागे आणि नोकर चार आण्यांनी पुढे. शिवाय राजाचा वाटा ठरलेला, तर सरदार उत्तरेत, माळव्यात, गुजरातेत स्वतः मुलूख मारून आपला व्याप वाढवत चाललेला. साताऱ्याच्या वाड्यात हिशेब वर्षाला येत होता. तो येईल तेवढाच खरा मानायचा. तपासायला घोड्यावर बसून जावं लागलं असतं.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला करार झाला आणि कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला. यात कुणाचा खून नाही, लढाई नाही. नुसता कार्यालयाचा पत्ता बदलला. छत्रपतींचं नाव, शिक्का, मान, पेशवाईची वस्त्रं देण्याचा अधिकार सगळं शाबूत. मोठ्या कंपन्यांत संस्थापकाच्या नातवाचा फोटो सभागृहात असतो, त्याला दरवर्षी हार घालतात आणि सभेची वेळ कळवतात. तसंच.

आता आमच्या सासुरवाडीकडे वळू. कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांची मुलं पळी-पंचपात्र ठेवून घोड्यावर बसली आणि पेशव्यांच्या लष्करात नावाला चढली. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत १७६४ साली या घराण्यातल्या तिघांच्या नावाने मोठा सरंजाम लावून दिला गेला. मिरज त्यातच. मिरजेची गंमत अशी, की १७३९ साली तो किल्ला घ्यायला स्वतः शाहू महाराज छावणी करून बसले होते. त्यांनी स्वतः चालवलेली ही शेवटची मोठी मोहीम. मालकाने हाताने कमावलेली वस्तू पाव शतकात नोकराच्या पदरात!

सरंजाम म्हणजे वतन नव्हे, हे इथे सांगायला हवं. सरंजाम फौजेच्या खर्चासाठी. उत्पन्न खा, तेवढे स्वार ठेवा, बोलावलं की हजर व्हा. चाकरी संपली की मुलूख परत, असा नियम होता. पण नियमाने कुणी कधी काही परत केलं आहे काय? बाप गेला की मुलगा नजराणा भरायचा आणि सरंजाम पुढे चालू. स्वार किती ठेवले हे हजेरीच्या दिवशी मोजायचं, आणि त्या दिवशी शेजाऱ्याची घोडी आणून उभी करण्याची युक्ती मोगलाईपासून सर्वांना ठाऊक. खरी मेख इथे आहे. राजाराम महाराजांनी वाटा दिला तो पुढे करायच्या कामाबद्दल. हळूहळू तो आजोबांनी केलेल्या कामाबद्दल मिळू लागला. काम थांबलं तरी वाटा थांबला नाही. आणि हे सगळं कुठल्याच वर्षीच्या खर्चात पडलं नाही, कारण खजिन्यातून रुपया बाहेर जातच नव्हता. रोख पगार दिला की मालकाला चिमटा बसतो. वाटा दिला की बसत नाही, नुसता मालकच थोडा लहान होतो.

मिरजेच्या काकांशी पटेना म्हणून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन वेगळे झाले आणि १८०१च्या सुमारास त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीला गादी केली. सहा गल्ल्या म्हणून सांगली, असं सांगतात. किल्ला झाला, गणपतीचं देऊळ झालं, पेठ वसली. दुसऱ्या बाजीरावाला हे सरंजाम डोळ्यांत सलत होते. तो ते उकळायच्या खटपटीत. शेवटी १८१२ साली पंढरपूरला एल्फिन्स्टनसाहेबाने मध्यस्थी केली. सरदारांनी पेशव्याची चाकरी करावी, पेशव्याने त्यांचे सरंजाम चालू द्यावेत. नोकर आणि मालक यांच्या भांडणात तिसऱ्याच कंपनीच्या माणसाने जामीन राहायचं, याचा अर्थ काय हे दोघांनाही सहा वर्षांत कळलं.

१८१८ला पेशवाई बुडाली. इंग्रजांनी साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि १८१९ साली तह केला. सांगलीकरांशीही त्याच वर्षी ठराव झाला. चिंतामणराव मानी गृहस्थ. पेशव्यांची चाकरी केली, इंग्रजांची करणार नाही म्हणाले, आणि फौजेच्या चाकरीऐवजी वर्षाला १,३५,००० रुपयांच्या उत्पन्नाची भरपाई मुलखाच्या रूपाने कंपनीला तोडून देऊन मोकळे झाले. चाकरी नाही, वाटा मात्र कायम! इतका सुंदर राजीनामा आजवर कुठल्याही नोकरदाराने दिला नसेल.

आणि साताऱ्याचं काय? १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांच्यामागून आलेले अप्पासाहेब महाराज १८४८ साली वारले. त्यांनी दत्तक घेतला होता तो डलहौसीने मानला नाही, राज्य खालसा. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला लंडनला जाऊन चौदा वर्षं राहिले. दाद कुणाकडे मागायची? ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत. तिथे भागधारकांच्या सभा भरत, हजार पौंडाचा भाग असेल त्याला एक मत, आणि त्या सभांत साताऱ्याच्या राजाची बाजू खरोखरच मांडली गेली. ऐकणाऱ्यांचं मन कितपत द्रवलं असेल? १८३३च्या कायद्याने त्यांचा लाभांश साडेदहा टक्के ठरवून टाकलेला होता, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून मिळणार होता. सातारा राहो की जावो, साडेदहा टक्के चुकत नव्हते. पुढे १८७४ साली कंपनी मोडली तेव्हाही या मंडळींना शंभराच्या भागाला दोनशे पौंड मिळाले. भागधारक असावं तर असं.

साताऱ्याचं राज्य १८४८ साली गेलं. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. मालकापेक्षा नोकराचा वाटा बरोबर शंभर वर्षं जास्त टिकला. हे मी जेवताना सांगितलं त्या दिवशी सौ.ने मला आग्रहाने दुसरी पोळी वाढली.

भाच्याच्या धंद्यातली गोष्ट याहून फार निराळी नाही. इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच निघाली, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. ते सुधा मूर्तींच्या शिल्लकीतले. १९९३ साली तिचा शेअर ९५ रुपयांना बाजारात आला तेव्हा लोकांनी पुरती वर्गणीसुद्धा भरली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एक ट्रस्ट काढला आणि त्याला प्रत्येकी एक रुपयाने साडेसात लाख वॉरंट दिले. वॉरंट आणि शंभर रुपये आणून दे, शेअर घेऊन जा. मात्र पाच वर्षं विकायचा नाही. भाव चढत गेले आणि इन्कम टॅक्सवाले जागे झाले. नोकरांना एवढा लाभ झाला, तर त्यावर कर का कापला नाहीत? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २००८मध्ये कोर्टाने सांगितलं, जो शेअर विकता येत नाही त्याचा लाभ त्या वर्षांपुरता नुसता कल्पनेतला. दिल्ली घेईपर्यंत हणमंतरावांवर कर बसवता येत नाही, असाच हा निकाल.

अमेरिकेत याहून मजा. चालू भावाने पुढे कधीतरी शेअर घ्यायचा हक्क नोकराला दिला, तर तो खर्च म्हणून लिहायचाच नाही, अशी तिथली रीत होती. हिशेबतज्ज्ञांनी तो खर्च लिहा असं सुचवलं, तर कंपन्यांनी एवढा गहजब केला की १९९४ साली तिथल्या सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी त्या सूचनेविरुद्ध ठराव केला. जमाखर्चाची नोंद कशी करावी यावर राज्यसभेत मतदान! शेवटी २००५-०६च्या सुमारास तो खर्च लिहिणं तिथे सक्तीचं झालं. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना पुऱ्या किमतीने तो धरावा लागला २०१६पासून. आता त्या अमेरिकन कंपन्या एका दाराने कर्मचाऱ्यांना शेअर वाटतात आणि दुसऱ्या दाराने रोख मोजून बाजारातून तेवढेच परत विकत घेतात, म्हणजे शेअरची संख्या फुगत नाही. कागद पाहिला तर वाटतं, भागधारकांना केवढा पैसा परत दिला! त्यातला बराचसा खरं म्हणजे पगारच, नुसता लांबच्या वाटेने आलेला. शाहू महाराजांना ही सोय असती तर त्यांनी मोकासा परत विकत घेतला असता. पण त्याला रोकड लागते, आणि रोकड सरदारांकडे होती.

आमच्या धंद्यात हे काही नाही. आम्हाला महागाई भत्ता मिळतो. २०१८-१९च्या सुमारास काही सरकारी बँकांनी आपल्या नोकरांना स्वतःचे शेअर सवलतीने विकत घ्यायला सांगितलं. तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी विचारलं होतं, "सवलत देतायत म्हणजे बाहेर कुणी घेत नाही काय?" सातारी माणसाला भागधारक बनवणं सोपं नाही. त्याला कारणंही आहेत.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. सांगली बँक १९१६ची. आमच्या पिढीने या दोन नावांखेरीज बँक म्हणजे काय हे शिकलंच नाही. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली आणि भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख देऊन निरोप देण्यात आला. सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली. तिथे मात्र ९२५ शेअर आणा नि नव्या बँकेचे १०० घेऊन जा, असा ठराव झाला. म्हणजे साताऱ्याला पुन्हा तनखा, आणि सांगलीला पुन्हा वाटा. सासूबाईंकडे त्यातले काही होते, असं नंतर कळलं. किती होते, हे जावयाला सांगायची त्या घरात पद्धत नाही.